फाईलचं नाव मराठीत दिलं तर बिघडतं कुठे?



शाळेत कॉम्प्युटर आला तसा त्याच्यासोबत एक अलिखित नियमही आला. फाईलचं नाव इंग्रजीतच द्या, मराठी तर नकोच. प्रशिक्षणात आपल्याला हे सांगतात, आपण मुलांना सांगतो, मुलं माना डोलावतात. का नको, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पुढे उघडत नाही." कुठे उघडत नाही आणि कशामुळे, हे सहसा कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की निदान मुलांच्या स्वतःच्या कामापुरता तरी हा नियम आपण काढून टाकावा. ज्या अडचणीतून तो जन्माला आला ती मराठीची अडचण नव्हतीच. ती यंत्राच्या पोटातल्या एका जुन्या सेटिंगची अडचण आहे, आणि हे सेटिंग काय असतं ते सातवी-आठवीच्या मुलाला तासाभरात समजावता येतं.

आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या शाळा तुम्हाला माहीत असतील. भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याकाठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला विखुरलेल्या, पट कमी, आणि पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चालणाऱ्या. नेट मिळालं तर मिळालं. त्यामुळे आमचं 'डिजिटल' अजूनही पेनड्राइव्हवर चालतं. शहरातल्या वाचकांना हे जुनाट वाटेल, पण पेनड्राइव्हला रेंज लागत नाही.

आमच्या सातवीच्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची गाणी, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावठाणाच्या आठवणी. प्रत्येकाने आपल्या फाईलला आपल्या मनाने नाव दिलं: 'आजीच्या ओव्या', 'जुनं गावठाण', 'आबांची बैलजोडी'. सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या, ऑफिसच्या लॅपटॉपवर ऐकून पाहिल्या. पालकसभेच्या दिवशी तोच पेनड्राइव्ह वर्गातल्या स्मार्ट टीव्हीला लावला, तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. 'आजीच्या ओव्या'च्या जागी आधी सात प्रश्नचिन्हं, मग मोकळी जागा, मग पाच. रिमोटने निवडून दाबलं तरी उघडेना. एक पालक म्हणाले, "सर, व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा." दुसरे म्हणाले, "म्हणून तर सांगतात, इंग्रजीत नाव द्या."

दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं होतं आणि दोघांचंही चूक होतं. पेनड्राइव्ह परत लॅपटॉपला लावला, सगळं जागच्या जागी.

आता हे असं का होतं ते पाहू. पेनड्राइव्हमध्ये माहिती नुसती ओतलेली नसते. कुठली फाईल कुठे सुरू होते, कुठे संपते, तिचं नाव काय, हे नोंदवून ठेवायची एक रीत असते. तिला फाईल सिस्टिम म्हणतात. अशा अनेक रीती आहेत. बहुतेक छोट्या पेनड्राइव्हवर फॅट३२ असते, ६४ जीबीच्या मेमरी कार्डावर एक्सफॅट, विंडोजच्या मुख्य डिस्कवर एनटीएफएस, लिनक्सवर बहुधा ईएक्सटी४. ज्या यंत्राला जी रीत येते तीच त्याला वाचता येते. आपल्या भोर संस्थानच्या काळातले मोडीतले कागद घ्या. मोडी न येणाऱ्याच्या हातात ते दिले तर त्याला रेघोट्या दिसतील. म्हणून कोणी ते कागद बंबात घालत नाही, मोडी वाचणारा शोधतात. पण ईएक्सटी४ असलेली डिस्क विंडोजला लावली की विंडोज चक्क 'वापरायच्या आधी फॉरमॅट करा' असं सुचवतं, आणि आपल्यातले अनेक जण 'हो' दाबून मोकळे होतात. तिथे खरोखर सगळं पुसलं जातं. "मला वाचता येत नाही" आणि "यात काही नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे आपण मुलांना भाषेच्या तासाला शिकवतो. कॉम्प्युटरच्या तासालाही शिकवायला हवं.

ही रीत वाचण्याचं काम कॉम्प्युटरमध्ये कोण करतं? कर्नेल. (कर्नेल म्हटलं की आमच्या मुलांना फौजेतला कर्नल आठवतो. फार चुकीचं नाही, हुकूम दोघांचाही चालतो.) ऑपरेटिंग सिस्टिमचा हा सगळ्यात आतला गाभा. हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामधला सगळा व्यवहार याच्या हातून होतो. विंडोजचं कर्नेल बंद पेटीसारखं आहे, लिनक्सचं मात्र कोणालाही उघडून पाहता येतं. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं आणि आज बहुतेक स्मार्ट टीव्ही, अँड्रॉइडचे मोबाईल, राउटर यांच्या आत तेच असतं.

हे कर्नेल तयार करताना तयार करणाऱ्याला एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. त्यात 'फाईल सिस्टिम्स' नावाचं एक पान आहे. तिथे एकेका रीतीपुढे विचारलेलं असतं: ही कर्नेलमध्ये कायमची बसवू, की मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवून लागेल तेव्हा आत घेऊ, की नकोच? कायमची असेल तर तारा, मॉड्यूलला 'एम', नको असेल तर कंस रिकामा. सगळ्याच का घेत नाहीत? जागा आणि मेमरी लागते म्हणून. स्वस्त टीव्हीत दोन्हीची काटकसर असते. शिवाय ज्या फाईल सिस्टिमवर स्वतः ऑपरेटिंग सिस्टिम ठेवली आहे ती कर्नेलमध्ये तरी हवी, नाहीतर सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या गाठोड्यात तरी हवी. तसं केलं नाही तर खोलीला कुलूप लावून किल्ली आतच राहिल्यासारखं होतं आणि मशीन सुरूच होत नाही.

पण आमच्या टीव्हीला फॅट येत होती. फाईली दिसत होत्या, किती आहेत तेही बरोबर होतं. घोटाळा नावात होता. त्यासाठी त्याच पानावर थोडं आत जावं लागतं.

फॅट ही मुळात डॉसच्या काळातली रीत. नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब, मग तीन अक्षरं, संपलं. १९९५ च्या विंडोजबरोबर लांब नावं आली, आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला १६ बिटांचा अंक देऊन, साठवली जाऊ लागली. (लिनक्सच्या प्रश्नावलीत या पर्यायाच्या नावात अजूनही 'विंडोज-९५' असंच लिहिलेलं आहे.) म्हणजे आमच्या पेनड्राइव्हवर 'आजीच्या ओव्या' हे नाव अगदी बिनचूक मराठीत लिहिलेलं होतं. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून, आहे. लिनक्समधले प्रोग्रॅम मात्र नावं बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीत वाचतात, म्हणून मध्ये कर्नेलला रूपांतर करून द्यावं लागतं. कुठल्या पद्धतीत करायचं? हाच तो प्रश्न. आणि फॅटच्या बाबतीत प्रश्नावलीत आधीपासून भरून ठेवलेलं उत्तर आहे 'आयएसओ ८८५९-१', म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं. त्यात फ्रेंच आहे, जर्मन आहे, देवनागरीचं एकही अक्षर नाही. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी कर्नेल प्रश्नचिन्ह ठेवतं.  नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात ती यामुळे.

त्याच यादीत खाली आणखी एक ओळ आहे: फॅटची नावं मुळातच यूटीएफ-८ मध्ये द्यायची का? तिथे 'हो' केलं की आजी दिसते. एवढंच. कर्नेल नव्याने बनवायचं नसेल तर पेनड्राइव्ह जोडताना 'यूटीएफ-८' असा पर्याय देऊनही भागतं. लिनक्सचे नेहमीचे डेस्कटॉप हे आपोआप करतात, म्हणून लॅपटॉपवर बहुधा अडत नाही. अडतं ते टीव्ही, प्रोजेक्टर, म्युझिक प्लेअर अशा डब्यांमध्ये, जिथे बनवणाऱ्याने आधी भरलेलं उत्तर तसंच राहू दिलं.

एक साधी खूण लक्षात ठेवा. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर त्या यंत्राकडे मराठी फॉन्ट नाही, बाकी फाईल उघडते. प्रश्नचिन्हं दिसली तर रूपांतरच झालेलं नाही. आम्ही त्याच फाईली एक्सफॅट असलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घातल्या आणि त्याच टीव्हीला लावल्या. नावं मराठीत दिसली आणि ओव्याही वाजल्या. म्हणजे फॉन्टही होता. एक्सफॅटचं पुस्तक मायक्रोसॉफ्टने २०१९ साली खुलं केलं आणि लिनक्समध्ये तिचा आजचा ड्रायव्हर २०२० साली, ५.७ या आवृत्तीत आला. तिच्या प्रश्नावलीत आधीपासून भरलेलं उत्तर आहे यूटीएफ-८. नवी रीत बसवताना जग बदललेलं होतं, म्हणून उत्तरही बदललं. जुन्या फॅटचं उत्तर तिथेच राहिलं. यात कोणाचा कट नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या टेबलावर मराठी नावाची फाईल कधी आलीच नव्हती.

आता इंग्रजीत नाव द्या म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न: कुठल्या इंग्रजीत? 'ओव्या' हा शब्द रोमन अक्षरांत आमच्या वर्गातल्या मुलांनी पाच तऱ्हांनी लिहिला. 'काळ' आणि 'काल' रोमनमध्ये एकच होतात. भोर तालुक्यातलं हायवेवरचं 'वेळू' गाव रोमनमध्ये कोणी वेलूही वाचेल. 'पाणी'चा 'पानी' होतो. वर्षाअखेर एखादी फाईल शोधायला गेलात तर कुठलं स्पेलिंग केलं होतं ते त्या मुलालाही आठवत नाही. मग मुलं 'नवीन १', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल फायनल' अशी नावं देतात. नाव देणं हा लेखनाचाच भाग आहे. निबंधाला मथळा द्यायला आपण शिकवतो, त्याचे गुणही देतो, आणि तोच निबंध कॉम्प्युटरवर टाईप केला की मथळा देण्याचा हक्क काढून घेतो. ज्या आजीने ओव्या म्हटल्या तिला तो पडदा वाचता आला असता, ही गोष्ट माझ्यासाठी छोटी नाही.

जुन्या शिक्षकांचा अनुभव वेगळा आहे, तोही खरा आहे. श्री-लिपीसारखे फॉन्ट वापरायचो तेव्हा मराठी फक्त कागदावर उमटायची. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाईलच्या नावाला तो फॉन्ट लावताच येत नसे, म्हणून नाव मराठीत देणं शक्यच नव्हतं. नियम तिथून आला असावा. फॉन्ट गेले, युनिकोड आलं, नियम मात्र पुढच्या बॅचला शिकवला जात राहिला.

काळजी घ्यायच्या जागा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. पहिली लांबीची. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. 'आजीच्या' ही आपल्याला तीन अक्षरं, यंत्राला सात चिन्हं: आ, ज, दीर्घ वेलांटी, च, पाय मोडण्याची खूण, य, काना. म्हणून सात प्रश्नचिन्हं आली होती, आणि मुलांनी ती मोजून कारण शोधलं तेव्हा मला व्याकरणाच्या तासाचं सार्थक वाटलं. 'विद्यार्थी' दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. अशा हिशेबाने ८५ चिन्हांपेक्षा लांब नाव फॅटच्या पेनड्राइव्हवर बसेल, पण ईएक्सटी४ वर कॉपी होणार नाही. पाठाचं पूर्ण शीर्षक, इयत्ता, तुकडी, शाळेचं नाव असं सगळं एका नावात कोंबायची आपल्याला खोड आहे, तिला आळा बसेल तर बरंच आहे.

दुसरी जागा जास्त गमतीची. 'दऱ्या' या शब्दातला रफारासारखा न दिसणारा तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी वेगळं चिन्ह वापरतात, काही साध्या 'र'ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला दोन्ही बहुधा सारखेच दिसतात. पण ईएक्सटी४ वाचणारं कर्नेल नावाकडे भाषा म्हणून पाहतच नाही. त्याला ती नुसती बाइटांची रांग असते. त्यामुळे 'दऱ्या' नावाच्या दोन फाईली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात आणि शोधताना एकच सापडते. सह्याद्रीत राहणाऱ्यांना 'दऱ्या' टाळता येणार नाहीत, तेव्हा एका शाळेत सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा हे उत्तम.

सरकारी पोर्टलवर अपलोड करायची फाईल असेल तर ते सांगतात तसं नाव द्यावं, तिथे हट्ट करू नये. तो फॉर्म आहे, मुलाचं लेखन नव्हे.

यंत्र कोणाच्या हातात जाणार हे आधी ठरवून आतली रचना केली तर काय होतं, याचा एक नमुना आपल्या राज्यात होऊन गेला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या लहानशा शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यात हार्ड डिस्क नव्हती, फक्त १ जीबीची फ्लॅश मेमरी होती. म्हणून त्यांच्या लिनक्स कर्नेलमध्ये जेएफएफएस२ नावाची खास फ्लॅशसाठीची फाईल सिस्टिम घेतली होती. ती माहिती दाबून कमी जागेत ठेवते आणि एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा न लिहिता झीज सगळीकडे वाटून देते. 'शुगर' या त्यांच्या पडद्यावर फाईल-फोल्डरची झंझटच नव्हती, त्याऐवजी 'जर्नल' होतं, मुलाने केलेल्या कामाची रोजनिशी. अडचणीही होत्या, ती छोटी मेमरी पूर्ण भरली की लॅपटॉप सुरू व्हायला नकार देई. त्या प्रकल्पाच्या यशापयशावर मतं अनेक आहेत, तो वाद इथे नको. पण फाईल सिस्टिम निवडताना लहान मूल डोळ्यांसमोर होतं, एवढं नक्की.

आपल्या वर्गातला टीव्ही निवडताना कोण डोळ्यांसमोर असतं? बहुतेक वेळा पडदा किती इंची हेच. ग्रामपंचायतीच्या निधीतून असो, कंपनीच्या सीएसआरमधून असो किंवा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेला असो, पोहोच पावतीवर सही करण्याआधी दहा मिनिटं द्या. फॅट३२ असलेल्या पेनड्राइव्हवर मराठी नावाची एक ध्वनिफीत ठेवा, नावात एखादं जोडाक्षर आणि एक 'ऱ्या' असू द्या. ती लावून पाहा. मग ६४ जीबीचा एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावून पाहा, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही आणि मोठे व्हिडिओ त्यावरच येणार. नाव वाचता आलं नाही तर विक्रेत्याला तिथेच सांगा, आणि जमलं तर लिहून द्या. टीव्हीच्या आतलं कर्नेल आपल्याला बदलता येत नाही, पण बनवणाऱ्याला अपडेटमधून बदलता येतं. लिनक्स वापरणाऱ्या कंपनीने मागणाऱ्याला कर्नेलचा सोर्स द्यायचा, अशी त्या परवान्याची अटच आहे, तेव्हा 'ते आमच्या हातात नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा मुद्दा एखाद्या पालकाने मांडला तर जास्त वजन पडतं, असा माझा अनुभव.

ज्यांच्या शाळेत लिनक्सचा कॉम्प्युटर आहे, मग तो उबुंटू असो की सी-डॅकचा बॉस, त्यांनी मुलांना घेऊन 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये जावं. तिथे 'कॉन्फिग' या शब्दाने सुरू होणारी एक साधी मजकुराची फाईल असते. ती म्हणजे त्या कर्नेलची भरलेली प्रश्नावली. नुसती वाचली तर काही बिघडत नाही. तिच्यात 'फॅट' शोधा, पुढे कुठल्या लिपीचं नाव लिहिलंय ते पाहा, यूटीएफ-८ च्या ओळीपुढे 'वाय' आहे की ती ओळ बंद ठेवली आहे तेही पाहा. मग मुलांना आपापल्या गावाच्या नावाचे बाइट मोजायला सांगा. 'भोर' नऊ बाइटांचं आहे. 'वेल्हे' किती बाइटांचं, ते तुम्हीच मोजा.